"माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!"

पुण्यात वातावरणविज्ञानात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलं आहे. मॉन्सूनच्या मॉडेलमधून तिनं जून ते सप्टेंबरचं अ‍ॅनिमेशन तयार केलं. दर तीन तासांचं एक चित्र, अशी ९७६ पीएनजी चित्रं एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं जोडून एमपी४ फाइल केली. तिच्या उबंटू लिनक्सवर, व्हीएलसी प्लेअरमध्ये ती सुरेख चालते. ग्रुप मीटिंगमध्ये मात्र सरांच्या विंडोज लॅपटॉपवर स्लाइडच्या मधोमध नुसता काळा चौकोन आला आणि पाच मिनिटं सगळे त्याच्याकडे बघत बसले. जर्मनीतल्या सहकाऱ्याच्या मॅकवर फाइल उघडलीच नाही. मग तिनं जीआयएफ करून पाहिली. ती अवाढव्य झाली आणि रंगांचे पट्टे पडले. लॅबमधला सिनियर म्हणाला, कॉम्प्रेशनच नको, अनकॉम्प्रेस्ड एव्हीआय कर. ती फाइल पेनड्राइव्हवर कॉपीच होईना. एक मित्र म्हणतो एच.२६५ हा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची आणि परत उलगडायची पद्धत) घे, दुसरा म्हणतो एव्ही१. तिचं मागणं असं : "सगळीकडे चालेल आणि क्वालिटी जराही जाणार नाही, असा एकच कोडेक सांगा." पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक ओळ आहे. जर्मनीतल्या सहकाऱ्याला या व्हिडिओतल्या रंगांवरून पावसाचे आकडे काढायचे आहेत, ते चालेल ना?

*

तुझं पत्र वाचताना आधी हसू आलं. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटर विभागात असताना मी आठवड्यातून दोनदा ऐकायचो आणि महिन्यातून एकदा स्वतः म्हणायचो. त्यामुळे तो काळा चौकोन मनाला लावून घेऊ नकोस. या धंद्यातल्या प्रत्येकानं तो एकदा तरी भर सभेत पाहिला आहे.

तुला कोडेक बदलायचा आहे. माझा अंदाज आहे की योग्य कोडेक तुझ्याकडे आधीपासूनच आहे. एफएफएमपेगला तू फक्त एमपी४ नाव दिलंस आणि बाकी काही सांगितलं नाहीस, तर साधारणपणे ते एच.२६४ हाच कोडेक वापरतं. म्हणजे मी जो सुचवणार होतो तोच. मग घोडं कुठे पेंड खातं? रंग साठवण्याच्या पद्धतीत.

तुझ्या पीएनजी चित्रात प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन पूर्ण आकडे असतात. व्हिडिओत ते तसेच ठेवत नाहीत. आधी उजेड वेगळा काढतात, मग रंग. आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. टीव्हीच्या काळापासून याचा फायदा घेतला जातो. उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवायचा, रंग मात्र चार पिक्सेलांच्या चौकटीला मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. फोन, टीव्ही, विंडोज आणि मॅकबरोबर येणारे प्लेअर हे सगळे एच.२६४ म्हणजे ४:२:० असंच धरून बसलेले असतात.

एफएफएमपेग मात्र इथे प्रामाणिकपणा दाखवतं. पीएनजीमधून पूर्ण रंग आले, तर पूर्ण रंगच ठेवू, असं म्हणून ते ४:४:४ निवडतं. फाइल नियमाला धरून असते, दिसतेही सुंदर, पण ती उलगडायची सोय फार थोड्यांकडे असते. व्हीएलसी स्वतःचे डिकोडर स्वतःबरोबर घेऊन फिरतं, म्हणून त्याला काही अडत नाही. सरांचा लॅपटॉप आणि सहकाऱ्याचा मॅक अडले. तेव्हा "व्हीएलसीत चाललं" हा निकष आजपासून सोडून दे. व्हीएलसी म्हणजे कुणाच्याही घरी काहीही आवडीनं खाणारा पाहुणा, त्याच्या पसंतीवरून स्वयंपाकाची परीक्षा होत नाही.

उपाय एका पर्यायाचा आहे. एफएफएमपेगला पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी हवा असं स्पष्ट सांग. पण सांगितल्याबरोबर बहुधा नवी एरर येईल : रुंदी किंवा उंचीला दोननं भाग जात नाही. घाबरू नकोस. रंग दोन बाय दोनच्या चौकटीत ठेवायचा तर चित्राची दोन्ही मापं सम हवीत, आणि मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या पायथन लायब्ररीनं कडेची पांढरी जागा कापून दिलेली चित्रं हमखास १२८३ बाय ७१७ असल्या मापाची निघतात. चित्र काढतानाच माप १९२० बाय १०८० असं ठरव, किंवा पॅड फिल्टरनं एक पिक्सेलची किनार जोड.

आता फाइलच्या नावाबद्दल. आपल्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात सुईदोरा असतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं, फसतो तो पाहुणा. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही हे डबे आहेत. आत काय आहे ते डब्यावरून कळत नाही. म्हणून सहकाऱ्याला "एमपी४ पाठवते" एवढं सांगून भागत नाही. "एमपी४, आत एच.२६४, ४:२:०" असं सांग. तुझ्या फाइलमध्ये नक्की काय आहे हे एफएफप्रोब दाखवतं. एफएफएमपेगबरोबरच ते येतं. निदानाचा माझा अंदाज बरोबर आहे की नाही, हे तिथे आधी बघ.

"क्वालिटी जराही जाणार नाही" ही तुझी दुसरी अट. ही अट मागे घे असं मी म्हणत नाही, ती कशासाठी आहे ते तपास. पूर्ण एचडीचं एक चित्र कॉम्प्रेशनशिवाय ठेवलं, तर ६२ लाख बाइट लागतात. अशी ९७६ चित्रं म्हणजे जवळजवळ ६ जीबी. सिनियरची एव्हीआय पेनड्राइव्हवर का गेली नाही, ते इथे कळतं : बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. आणि मावली असती, तरी सेकंदाला २५ चित्रं म्हणजे दर सेकंदाला १५५ एमबी वाचावे लागतात. साधा पेनड्राइव्ह तेवढं देत नाही. सिनियरचा हेतू चांगला होता, पण त्याच्या सल्ल्यानं ३९ सेकंदांचा पावसाळा अडखळत अडखळत पडला असता.

एच.२६४ मध्ये क्वालिटी ठरवणारा आकडा आहे सीआरएफ. तो जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही सांगितलं नाही तर तो २३ असतो. नकाशे आणि आलेखांसाठी मी १८ ठेवतो. इथे हुशार विद्यार्थी एक चूक करतात : "मग शून्यच ठेवू की, काही हरवणारच नाही!" सीआरएफ शून्य म्हणजे खरोखरच लॉसलेस, पण लॉसलेस एच.२६४ हा वेगळ्या प्रोफाइलचा प्रकार आहे. तो उलगडणारे प्लेअर पुन्हा मोजकेच. म्हणजे क्वालिटीच्या हट्टापायी परत काळा चौकोन.

दाखवायची प्रत वेगळी आणि जपायची प्रत वेगळी, असे दोन ढीग कर, म्हणजे तुझी ही अट आपोआप सुटते. जपायला त्या ९७६ पीएनजी फाइली, चित्रं काढणारी स्क्रिप्ट आणि मूळ आकड्यांची नेटसीडीएफ फाइल. एकाच फाइलीत सगळं जपायचं असेल, तर एमकेव्हीच्या डब्यात एफएफव्ही१ हा लॉसलेस कोडेक चांगला आहे. अभिलेखागारं तो वापरतात आणि २०२१ मध्ये त्याचं तपशीलवार वर्णन आरएफसी या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत प्रसिद्धही झालं. पण तो सरांना पाठवू नकोस.

हे मी अनुभवाने सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही एका प्रकल्पाची अ‍ॅनिमेशनं सीडीवर घातली होती, तेव्हा फार नावाजलेल्या एका कोडेकमध्ये. दहा वर्षांनी कुणीतरी ती मागितली. सीडी शाबूत, फाइल शाबूत, पण उलगडणारं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर नाही. सुदैवानं एका सहकाऱ्यानं आळशीपणामुळे मूळ चित्रांचा फोल्डर पुसला नव्हता. तो आजही उघडतो.

मित्रांच्या सूचनांकडे वळू. एच.२६५ २०१३ चा. तेवढ्याच दर्जाला फाइल बरीच लहान होते, आयफोनही २०१७ पासून व्हिडिओ काढताना तो वापरतात. पण विंडोजवर त्यासाठी बहुधा वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. किंमत किरकोळ असली, तरी परिषदेतल्या परक्या लॅपटॉपवर ते आयत्या वेळी कोण बसवणार? एव्ही१ २०१८ चा, रॉयल्टीमुक्त, वेबसाठी उत्तम. पण तो सहज चालवण्यासाठी चिपमध्येच सोय लागते आणि आयफोनमध्ये ती २०२३ च्या १५ प्रो मॉडेलपासून आली. तुझी फाइल ३९ सेकंदांची आहे. निम्मी लहान होऊन तुझे किती एमबी वाचणार? सिनेमे पाठवणाऱ्या कंपन्यांची काळजी तू कशाला करतेस? एच.२६४ २००३ चा. ज्या वयात माणूस लग्नाला उभा राहतो, त्या वयाचा हा कोडेक आहे, आणि एवढ्या वर्षांत तो जवळपास प्रत्येक फोनच्या चिपमध्ये जाऊन बसला आहे. तुझ्या कामाला नवेपणापेक्षा हा सर्वसंचारी स्वभाव मोलाचा.

एक अपवाद सांगतो. काही लिनक्स वितरणं, फेडोरा त्यातलं ठळक, पेटंटच्या कारणानं एच.२६४ ची पूर्ण सोय सुरुवातीलाच देत नाहीत. तुझ्या ओळखीत मुक्त सॉफ्टवेअरचे पक्के आग्रही असतील, तर वेबएमच्या डब्यात व्हीपी९ या कोडेकची दुसरी प्रत करून ठेव. दोन प्रती ठेवण्यात कमीपणा नाही. नासाचा सायंटिफिक व्हिज्युअलायझेशन स्टुडिओसुद्धा एकाच अ‍ॅनिमेशनच्या वेगवेगळ्या प्रती देतो, बरेचदा सुट्या चित्रांसकट.

जीआयएफला मी वाईट म्हणणार नाही. १९८७ चा तो म्हातारा अजून प्रत्येक पडद्यावर चालतो. पण एका चित्राला फक्त २५६ रंग, म्हणूनच तुझ्या पावसाच्या पट्ट्यात पायऱ्या पडल्या. शिवाय कुठेही थांबवायची, मागे न्यायची सोय नाही. तीन-चार सेकंदांच्या लहानशा आकृतीला ठीक, पावसाळ्याला नाही.

आता तुझ्या पत्रात नसलेला, पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा : चित्रच असं काढ की कॉम्प्रेशनला त्याचं वाईट करता येणार नाही. ४:२:० मध्ये रंग पुसट होतो, उजेड नाही, हे वर आलंच. मग ज्या नकाशात माहिती फक्त रंगच्छटेत आहे, त्याचं नुकसान जास्त. 'जेट' नावाची जुनी इंद्रधनुषी रंगपट्टी अशीच. निळ्यापासून लालपर्यंत जाताना तिचा उजेड मधेच चढतो, मधेच उतरतो. (सोमाली जेट हा वारा जेट रंगपट्टीत दाखवण्याचा मोह कितीजणांना होतो, मी मोजणं सोडून दिलं आहे.) व्हिरिडिस या रंगपट्टीत उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाढत जातो. मॅटप्लॉटलिबनं २०१७ च्या २.० आवृत्तीपासून तीच मूळ पट्टी केली. माहिती उजेडात असली की कोडेक ती जपतो, रंगभेद नीट न दिसणाऱ्यांनाही नकाशा वाचता येतो आणि कृष्णधवल छापला तरी अर्थ शिल्लक राहतो. कोडेक बदलून जेवढा फरक पडेल, त्याहून जास्त रंगपट्टी बदलून पडेल.

तसंच रेषांचं. निळ्या समुद्रावर एक पिक्सेल जाडीची लाल समदाब रेषा हा ४:२:० चा हमखास बळी. ती दोन-तीन पिक्सेल कर, नाहीतर काळी-पांढरी कर. अक्षरं मोठी ठेव. मागच्या बाकावरच्यांनाही ती वाचायची असतात. सलग वितळणाऱ्या रंगांऐवजी दहा-बारा ठरलेल्या पायऱ्या घेतल्यास, तर ते विचित्र पट्टेही दिसत नाहीत आणि बघणाऱ्याला "इथे पाऊस अमुकपेक्षा जास्त" असं नेमकं वाचता येतं. वाऱ्याचे बारीक बाण मात्र विरळ कर. कोडेक मागच्या चित्रावरून पुढचं ओळखून जागा वाचवत असतो. हजारो बाण हजार दिशांना हलले की त्याला काहीच ओळखता येत नाही, आणि किनारपट्टीसारखा जो भाग हलत नाही त्यावर वाचवलेली सगळी जागा इथे खर्ची पडते.

इथून सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. व्हिडिओतल्या रंगांवरून पावसाचे आकडे काढू देऊ नकोस. अजिबात. कॉम्प्रेशन तर आहेच, पण त्याआधीही गोंधळ आहे. व्हिडिओत उजेड साधारणपणे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ मध्ये बसवतात. रंग उजेडापासून वेगळा काढायची सूत्रंही मुख्यतः दोन आहेत, जुन्या टीव्हीचं बीटी.६०१ आणि एचडीचं बीटी.७०९. फाइल एका सूत्रानं बनली, तिच्यावर तसा शिक्का नसला आणि प्लेअरनं दुसरं धरलं, की हिरवे-लाल थोडे सरकतात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही, पण मोजणाऱ्याचं मिलिमीटरचं गणित चुकतं. त्याला नेटसीडीएफ पाठव. झेनोडोवर ठेवलंस तर आणखी चांगलं. सर्नमधून चालणारं हे भांडार एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा देतं आणि डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक देतं, म्हणजे उद्या शोधनिबंधात संदर्भ देता येईल. त्यानं आकडे का मागितले नाहीत, चित्रच का मागितलं, हेही एकदा विचार. कदाचित आकडे मिळतील हे त्याला ठाऊकच नसेल.

राहिली किरकोळ हत्यारं. सेकंदाला किती चित्रं हे एफएफएमपेगला इनपुटच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर ते इनपुट २५ चं धरतं आणि हिशोब जुळवायला चित्रं गाळतं किंवा दुप्पट करतं. मॉन्सूनचं आगमन गाळलं गेलं, तर सर प्रश्न विचारणारच. की-फ्रेमचं, म्हणजे मागच्यावर न विसंबता पूर्ण साठवलेल्या चित्रांचं, अंतर २५ कर. मूळ सेटिंगमध्ये ते २५० पर्यंत जाऊ शकतं, आणि "जरा मागे घे, तो कमी दाबाचा पट्टा परत दाखव" असं सर म्हणाले की प्लेअर भलतीकडेच उडी मारतो किंवा अडकतो. फाइल थोडी फुगेल, फुगू दे. फास्टस्टार्टचा पर्याय लाव, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका शेवटाऐवजी सुरुवातीला जाते आणि ब्राउझरमध्ये ती पूर्ण उतरायच्या आधीच चालू होते.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर ते आपल्या पद्धतीनं पुन्हा दाबून पाठवतं आणि तुझ्या सीआरएफ १८ ची सगळी मेहनत मुंबई-पुणे प्रवासातच संपते. पाठवण्याआधी एका साध्या अँड्रॉइड फोनवर आणि एखाद्या आयफोनवर, कुठलंही अ‍ॅप न टाकता, नुसत्या गॅलरीत चालवून बघ. फोनच्या चिपला नखरे चालत नाहीत, त्यामुळे तिथे चाललं की लॅपटॉपवर बहुधा चालतंच.

प्रेझेंटेशनमध्ये व्हिडिओ नुसता लिंक करू नकोस, आत घाल. आणि त्याच्या पुढच्याच स्लाइडवर चार स्थिर चित्रं ठेव : आगमनाच्या आधी, केरळात पोचताना, कोकणात, आणि ऐन जुलैमध्ये. प्रोजेक्टरनं दगा दिला तरी तुझं बोलणं थांबत नाही. खरं सांगायचं तर, पुष्कळ वेळा ती चार चित्रंच लोकांच्या लक्षात राहतात.

अ‍ॅनिमेशनची सुरुवात अंधारातून हळूहळू उजळत करायची हौस असेल, तर तेवढी आवर. स्लाइडवर प्ले करायच्या आधी व्हिडिओचं पहिलं चित्र दिसत असतं. ते काळं असलं, तर सगळं नीट केलेलं असूनही सर लॅपटॉपकडे बघून म्हणतील, "झालं, आला परत तो चौकोन."